गांधीलमाशीचे सोंग आणि संग्रहालयातील चिठ्ठी

पावसाळ्यात झुडपावर काळ्या अंगाचा, पिवळ्या पट्ट्यांचा कीटक भर दुपारी सावकाश उडताना दिसला, की आपला हात आपोआप मागे सरतो. गांधीलमाशी समजून आपण दूर होतो. पण पुष्कळदा तो निरुपद्रवी पतंग असतो. पंखांवर काचेसारख्या पारदर्शक खिडक्या, अंगावर पट्टे. नांगी मात्र नाही. बहुरूप्याने फौजदाराचे सोंग आणावे तसा हा प्रकार. बहुरूपी शेवटी हसून पैसे मागतो, एवढाच फरक. हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून या नकलेची उपपत्ती मांडली. पुढे असेही आढळले की, या पतंगांपैकी काही स्वतःच पक्ष्यांना बेचव लागतात. तेव्हा सोंग अगदीच खोटे नव्हे.

पण आम्हांला येथे बोलायचे आहे ते त्याच्या नोंदीविषयी. संग्रहालयात टाचलेल्या पतंगाखाली बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी असते: गाव, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. कोणता पतंग कोठे राहतो, हा नकाशा या चिठ्ठ्यांवरून तयार होतो. चिठ्ठी हरवली की उरते ती शोभेची वस्तू.

या चिठ्ठ्या लिहिल्या कोणी? कर्नल चार्ल्स स्विनहो हे लष्करी अधिकारी. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठांपैकी एक. १८८५ साली त्यांनी मुंबई व दख्खनच्या, आणि १८८६ साली महूच्या पतंग-फुलपाखरांवर निबंध प्रसिद्ध केले. जेथे छावणी, तेथे त्यांचे जाळे! कोट्स यांच्यासह त्यांनी केलेली हिंदुस्थानातील पतंगांची यादी १८८७ ते १८८९ या काळात कलकत्त्यास निघाली. १८९२ साली हॅम्पसन यांचा ग्रंथ सुरू झाला. हे गृहस्थ पूर्वी निलगिरीत चहाचे मळेवाले होते.

उत्तर-दक्षिण अंतराने पाहिले, तर बुलढाणा हा पुणे आणि महू यांच्या जवळजवळ मध्यावर येतो. १८६७ साली नागपूरला पोचलेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा याच जिल्ह्यातून जातो. पण पुण्या-महूसारखी छावणी येथे नव्हती. जुन्या नकाशातील कोरी जागा पाहून तेथे पतंगच नाही म्हणणे, म्हणजे पाटलाच्या दप्तरात नाव नाही म्हणून गावात माणूसच नाही म्हणण्यासारखे आहे. तो नकाशा पतंगांचा जितका, तितकाच साहेबांच्या बदल्यांचा.

नावांचा घोळ निराळाच. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. चिठ्ठीवर नुसते ‘वऱ्हाड’ किंवा ‘मध्यप्रांत’ असेल, तर अभ्यासकाने काय समजावे? एकट्या बुलढाण्यात उत्तरेला सातपुड्याचे अंबाबरवा अरण्य आहे, मध्ये पूर्णेकाठची काळी जमीन आहे आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर व पठार. त्यातच लोणारचे विवर. घाटावर आणि घाटाखाली हा भेद येथील शेतकरी रोजच्या बोलण्यात पाळतो. संग्राहकाच्या चिठ्ठीतही तो यायला हवा.

आज कोणीही मोबाइलवर छायाचित्र काढतो. स्थळ आणि तारीख सांभाळली, तर तीही चिठ्ठीच झाली. अडचण एवढीच की, या कुळातल्या कित्येक जाती पंखांवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत; शरीराचे बारीक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि त्यासाठी टाचणीवरचा पतंगच लागतो.