उमेदवारीचा करार

म्हैसूरजवळील वरुणा या गावी जुने वीरगळ आढळले आहेत. त्यांवरील लेखांत गोग्गी या चालुक्य सामंताचे नाव येते. दगडाने वीरांची स्मृती राखली. परंतु असा दगड घडविणारे हात कसे तयार होत, हे जाणून घ्यावयाचे तर धर्मशास्त्राकडे वळावे लागते.

शिल्प शिकण्यासाठी गुरुगृही राहणाऱ्या शिष्याला याज्ञवल्क्यस्मृतीत ‘अंतेवासी’ म्हटले आहे. कला लवकर हस्तगत झाली तरी त्याने ठरलेली मुदत पुरी करावी; त्याला भोजन गुरूने घालावे व त्याच्या कामाचे फळ गुरूला मिळावे, असा नियम आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. नारदाने तर गुरूलाही बांधून घेतले : शिष्यास पुत्राप्रमाणे वागवावे, त्याच्याकडून दुसरे काम करवून घेऊ नये. या व्यवस्थेत पोटाला अन्न होते, हाताला कला होती. ठराविक वेतन किंवा परीक्षेचा दाखला मात्र नव्हता.

कंपनी सरकारने 1850 साली उमेदवारीचा कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः अनाथ व गरीब मुलांकडे होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षे धंदा शिकण्यासाठी धन्याशी बांधून देता येई. त्यामागे दया होती. हक्काची भाषा अजून दूर होती.

ती स्वतंत्र भारताच्या 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात उमटली. करार लेखी झाला, त्याची नोंदणी आवश्यक ठरली. शिकत असताना विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र, अशी तरतूद झाली. 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही या कक्षेत आले. तथापि कायद्याने उमेदवाराला कामगार न मानता शिकणारा मानले, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर सरसकट घातले नाही.

येथेच या व्यवस्थेची खरी कसोटी आहे. कामच करवून घेतले आणि शिकविले नाही, तर विद्यावेतन म्हणजे केवळ स्वस्त मजुरी ठरते. नारदाने गुरूला दिलेली ताकीद म्हणूनच आजच्या कारखानदारालाही लागू पडते. अंतेवासीची विद्या गुरूच्या साक्षीने ओळखली जाई. आजच्या उमेदवाराला ती दाखल्यासह दुसऱ्या दारी नेता येते. त्या दाखल्यामागे हातात खरे कसब असले, तरच करार पुरा झाला म्हणावयाचे.