वाचनालयांचे तुटपुंजे अनुदान

रत्नागिरीस 1828 साली आणि नाशकास 1840 साली वाचनालये स्थापन झाली, तेव्हा त्यांचा योगक्षेम वर्गणीदारांच्या औदार्यावर आणि क्वचित एखाद्या साहेबाच्या मर्जीवर अवलंबून होता. सरकारी खजिन्यातून नियमित साहाय्य मिळावे ही कल्पना रुजण्यास एक शतक लागले. 1939 साली मुंबई सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या वाचनालयापर्यंत एक उतरंड रचून दिली, परंतु युद्धाच्या धामधुमीत ती दप्तरातच राहिली आणि 1947 नंतरच अंशतः अमलात आली.

पुढे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकर बसविला होता, तो मार्ग महाराष्ट्राने टाळला. त्याऐवजी लोकांनीच काढलेल्या आणि लोकांनीच चालविलेल्या संस्थांना मान्यता देऊन, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी लावून, अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. माझ्या मते यात शहाणपण होते आणि कंजूषपणाही. चिटणीसाने जमाखर्च लिहावा, तपासनिसाने पावत्या पडताळाव्यात, आणि एवढा खटाटोप करून हाती येणाऱ्या रकमेतून ग्रंथपालाचा पगार, ग्रंथखरेदी, नियतकालिकांची वर्गणी, भाडे व दिवाबत्ती असा सारा संसार निभवावा, हे सोपे नव्हे. वर्गवारीत बढती मिळाली की रक्कम वाढे, म्हणून तपासणीच्या सुमारास दाखलनोंदवहीत ग्रंथसंख्या कशी फुगे, हे खात्यातील जाणते लोक ओठांतल्या ओठांत हसून सांगत.