दाबोळीची धावपट्टी

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काचेची इमारत, सामानाच्या ढकलगाड्या आणि ध्वनिक्षेपकावरच्या सूचना येतात. पण त्याचे खरे चरित्र बाहेरच्या धावपट्टीवर लिहिलेले असते. ती कुणी बांधली, कशासाठी बांधली आणि तिची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, एवढे विचारले की इतिहास बोलू लागतो. गोव्यातील दाबोळीविषयी मी याच अंगाने बोलणार आहे.

त्यासाठी १९५५ सालात जावे लागेल. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगिजांनी गोळीबार केला. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीला हुतात्मा झाला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. सरहद्द बंद, रेल्वे बंद. सावंतवाडीची लेक पेडण्याला दिलेली असेल, तर माहेर डोळ्यांना दिसावे पण पायांनी गाठता येऊ नये, अशी गत झाली.

आदल्याच वर्षी दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली होती. भारताची भूमी ओलांडून तिथे कुमक पाठवता येत नाही, हा धडा त्यांना मिळाला होता. म्हणून मुरगाव बंदराजवळच्या दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभा राहिला. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या झाल्या. गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदिश यांचे नाव दाबोळीला दिले गेले आणि ‘टाइप’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पोर्तुगीज हिंदुस्थानची विमान कंपनी सुरू झाली. तिची विमाने दमण, दीव, कराचीला जात आणि पुढे लिस्बनपर्यंतही पोचत. बंदरात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा उतरे. शेजारच्या बेळगावची भाजी मात्र दुर्मीळ. अंगणातली विहीर बुजवून समुद्रापारहून पाणी आणावे, तसा हा कारभार होता.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. विमानतळाच्या इमारतींना धक्का लागू नये, अशा सूचना होत्या आणि त्या पाळल्या गेल्या. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. जे उद्या आपल्याच माणसांचे होणार आहे, ते आज मोडायचे नाही, हे भान युद्धातही राखले गेले. त्याच रात्री तिथे अडकलेली दोन विमाने धावपट्टीच्या शिल्लक तुकड्यावरून उडाली आणि कराचीला पोचली. १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

गोवा मुक्त झाला, पण धावपट्टीची किल्ली सामान्य माणसाच्या हाती आली नाही. १९६२ मध्ये ती नौदलाकडे गेली. १९६४ मध्ये कोइमतूरजवळच्या सुलूरहून ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ इथे आला. विक्रांतवरच्या सी-हॉक आणि अलिझे विमानांचे हे किनाऱ्यावरचे घर झाले. म्हणजे दाबोळीत धावपट्टी आणि हवाई वाहतुकीचे नियंत्रण नौदलाचे, प्रवाशांची इमारत तेवढी विमानतळ प्राधिकरणाची. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास वैमानिकांच्या सरावासाठी राखीव. पुढे परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने सुरू झाली, तीही नौदलाची वेळ सांभाळून. उरलेल्या वेळात गर्दी होई. २०१३ मध्ये मोठी नवी इमारत झाली. पण घर मोठे झाले, तरी भाडेकरू भाडेकरूच राहतो.

नौदलाला दोष देण्याचे कारण नाही. पश्चिम किनाऱ्याची राखण हे त्यांचे काम आहे. प्रश्न एवढाच की, एका पट्टीवर दोन संसार किती काळ चालावेत? उत्तर म्हणून मोपा पुढे आला. २००० साली केंद्राने त्याला तत्त्वतः मान्यता देताना दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याची अट घातली होती. दक्षिण गोव्यातून विरोध झाला आणि २०१० मध्ये ती अट काढली गेली. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून प्रवासी विमाने उडू लागली. काही कंपन्यांनी दाबोळी सोडली. वास्को परिसरातील टॅक्सीवाला, हॉटेलवाला, हमाल यांच्या पोटात गोळा आला, तर नवल नाही.

पण नकाशा उघडून पाहा. मोपा पेडणे तालुक्यात आहे आणि पत्रादेवीचे हुतात्मा स्मारकही त्याच तालुक्यात. जिथे १९५५ मध्ये गोळ्या झाडून वाट अडवली गेली, त्याच भागात आज सावंतवाडी-वेंगुर्ल्याची माणसे एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने येतात आणि आखातात नोकरीला जाणारे विमान पकडतात. मध्ये कुणी परवाना विचारत नाही.

मोपामुळे दाबोळी ओस पडू नये, असे मला मनापासून वाटते. वास्कोच्या माणसाने सरावाच्या तासांशी जुळवून घेत तिथे आपली रोजीरोटी उभी केली आहे. आजवर या धावपट्टीचा निर्णय लिस्बनमध्ये झाला, मग दिल्लीत झाला. पुढचा होताना एकदा त्या पठाराखाली राहणाऱ्यांनाही विचारावे, इतकेच माझे म्हणणे आहे.