स्वयंपाकघरातील सिंक तुंबल्यास : घरचे उपाय आणि शहराचे गटार

चेन्नई : स्वयंपाकघरातील सिंकमधून पाणी उतरेनासे होणे ही शहरी घरांतील नेहमीची अडचण आहे. बहुतेक वेळा ती कोणतेही रसायन न वापरता घरीच दूर करता येते. मात्र नळीतील मळ बाहेर न काढता पुढे ढकलला, तर तो रस्त्याखालच्या गटारात जाऊन साठतो. त्यामुळे सिंक मोकळे करताना मळ बाहेर काढण्याला प्राधान्य देणे आवश्यक ठरते.

तुंबण्याची कारणे

चेन्नईतील घरांमधून इडली-डोशाचे पीठ, भाताची पेज, ओल्या नारळाचा चोथा, फिल्टर कॉफीचा गाळ आणि भांड्यांना लागलेले तेल सिंकमध्ये जाते. पीठ आणि तेल नळीच्या आतल्या बाजूस चिकटतात व त्यावर खरकटे अडकत जाते. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियमचा तेलातील मेदाम्लांशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा टणक थर तयार होतो.

सिंकखालच्या नळीतील वाकड्या भागास ट्रॅप म्हणतात. त्यात थोडे पाणी कायम राहत असल्याने गटारातील दुर्गंधी व वायू घरात येत नाहीत. खरकटेही प्रथम तेथेच अडकते.

अडथळा कोठे आहे?

केवळ सिंकचे पाणी अडत असेल, तर दोष बहुधा ट्रॅपमध्ये असतो. न्हाणीघरातील मोरीतूनही पाणी वर येत असेल किंवा तळमजल्यावरील सर्व घरांत एकाच वेळी त्रास होत असेल, तर अडथळा इमारतीच्या मुख्य नळीत वा रस्त्यावरील गटारात असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी घरातील उपायांचा उपयोग होत नाही.

उपायांचा क्रम

साचलेले पाणी काढून जाळी स्वच्छ करावी. पाणी हळूहळू उतरत असल्यास भांडी घासण्याचा द्रव साबण व गरम पाणी ओतावे. पीव्हीसीच्या नळीत उकळते पाणी ओतू नये. त्याने नळी मऊ पडते व सांधे सैल होतात.

त्याने काम न झाल्यास रबरी प्लंजर वापरावा. त्याची वाटी बुडेल इतके पाणी सिंकमध्ये ठेवून, दुसरे छिद्र असल्यास ओल्या फडक्याने बंद करावे आणि दहा-पंधरा वेळा दाब द्यावा.

तरीही पाणी न उतरल्यास खाली बादली ठेवून ट्रॅपची चकती हाताने फिरवून उघडावी. निघालेला गाळ पुन्हा सिंकमध्ये न टाकता कचऱ्यात टाकावा. वॉशर जागेवर बसवून ट्रॅप बंद करावा आणि पाणी सोडून गळती नाही याची खात्री करावी. अडथळा आणखी पुढे असल्यास लांब स्प्रिंग वापरणाऱ्या प्लंबरला बोलवावे.

रसायनांबाबत दक्षता

नळी साफ करण्याच्या अनेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. तो तेलकट थर विरघळवतो, परंतु त्वचा व डोळ्यांना गंभीर इजा करतो. ॲल्युमिनियमशी संपर्क आल्यास त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो. रसायन ओतल्यानंतर प्लंजर वापरू नये आणि प्लंबरला त्याची पूर्वकल्पना द्यावी. खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांच्या मिश्रणाचा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू असून त्याने साठलेले तेल विरघळत नाही.

घराबाहेरची जबाबदारी

चेन्नईत मलनिस्सारणाचे काम 1978 मध्ये स्थापन झालेल्या महानगर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे आहे. नागरिक त्यास मेट्रोवॉटर या नावाने ओळखतात. सांडपाणी उदंचन केंद्रांमार्फत कोडुंगैयूर, कोयंबेडू, नेसपाक्कम आणि पेरुंगुडी येथील शुद्धीकरण केंद्रांकडे नेले जाते. पावसाच्या पाण्याचे नाले वेगळे असून ते महानगरपालिकेकडे आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात पावसाचे पाणी गटारात शिरल्यास, तेलाच्या थराने अरुंद झालेल्या नळ्यांतून सांडपाणी उलटे येते. म्हणून पाणी काढून देण्यासाठी गटाराचे झाकण उघडू नये. रस्त्यावरील गटार तुंबल्यास मेट्रोवॉटरच्या 1916 या क्रमांकावर तक्रार करता येते.

गटार मोकळे करण्यासाठी खासगीरीत्या माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. 2013 च्या कायद्याने गटार व सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई केली असून, पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारातील विषारी वायूंमुळे कामगारांचे मृत्यू होत आले आहेत. अशा मृत्यूंसाठी किमान 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. चेन्नईच्या आयआयटी मद्रासने सेप्टिक टाक्यांसाठी होमोसेप हे यंत्र विकसित केले असून, पहिली यंत्रे सफाईकामात पती गमावलेल्या महिलांच्या नेतृत्वाखालील बचत गटांना देण्यात आली.

रोजची काळजी मात्र सोपी आहे. ताटे-कढया धुण्यापूर्वी कागदाने पुसाव्यात, उरलेले तेल बाटलीत भरून कचऱ्यात द्यावे, बारीक जाळी वापरावी आणि आठवड्यातून एकदा साबणाचे गरम पाणी सोडावे. त्याने सिंक मोकळे राहते आणि गटारावरील भारही कमी होतो.