प्राणी-प्रतिमाने आणि कर्करोग संशोधन : मुंबईतील परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मानवी कर्करोगाची कारणे शोधताना संशोधकासमोर एक मूलभूत अडचण उभी राहते. कर्करोग जडावा म्हणून माणसावर प्रयोग करणे नैतिकदृष्ट्या अशक्य आहे आणि माणसाच्या आयुष्यात अनेक कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. या अडचणीतून प्राणी-प्रतिमानांचा, म्हणजे मानवी रोगाच्या अभ्यासासाठी प्राण्यांत घडवलेल्या वा आढळणाऱ्या तत्सम रोगाचा, वापर सुरू झाला. मुंबईतील संशोधनाच्या आधारे या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जागतिक पार्श्वभूमी :
१९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबडीतील अर्बुद पेशीविरहित अर्काद्वारे दुसऱ्या कोंबडीत संक्रमित होते, हे दाखवले. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर वारंवार चोळून कर्करोग निर्माण केला. याच काळात अमेरिकेत भावंडांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करून उंदरांचे एकजिनसी वाण तयार होत होते. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या वाणाची पिल्ले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तेव्हा त्यांच्यात रोगाचे प्रमाण घटले. दुधातून जाणारा हा घटक पुढे विषाणू असल्याचे निष्पन्न झाले.

मुंबईतील आरंभ :
१९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी प्रथम समाजाकडे पाहिले. १९४५ मध्ये त्यांनी चालीरीतींशी निगडित कर्करोगांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात धोतर कमरेला घट्ट बांधल्याने सतत घासल्या जाणाऱ्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग होता, तसेच चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोगही होता. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि रुग्णनिरीक्षणाला प्रयोगशाळेची जोड मिळाली.

पुण्यात जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) या जोडणीच्या प्रमुख शिल्पकार होत. स्तनकर्करोगाची प्रवृत्ती कमी-अधिक असलेल्या उंदरांच्या वाणांतील स्तनग्रंथींचा तुलनात्मक अभ्यास करून त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. परतल्यावर त्यांनी परळच्या केंद्रात ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. अनुवंश, संप्रेरके व विषाणू यांचा एकत्रित विचार हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होते.

सुपारीचा प्रश्न :
प्राणी-प्रतिमानाचे खरे मोल सुपारीच्या अभ्यासात दिसते. आपल्याकडे पान खाणारे बहुसंख्य लोक तंबाखूही खातात. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा दोष तंबाखूचा की सुपारीचाही, हे केवळ रुग्णांच्या पाहणीतून वेगळे काढणे कठीण होते. हॅमस्टर या प्राण्याच्या गालात अन्न साठवण्याची पिशवी असते. तिच्या अस्तराला एकेक पदार्थ लावून परिणाम पाहता येतो. रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ व १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुपारी व तंबाखू यांचे परिणाम स्वतंत्रपणे व एकत्रितपणे तपासले. सुपारीतही अर्बुदजनक सामर्थ्य असल्याकडे त्यांनी लक्ष वेधले.

तथापि एवढ्याने प्रश्न मिटला नाही. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पान मानवास कर्करोगकारक ठरवले. तंबाखूविरहित पानाबाबत मात्र मानवी पुरावा अपुरा मानला. तंबाखूशिवाय सुपारी खाण्याची चाल असलेल्या तैवानसारख्या प्रदेशांतील अभ्यासांमुळे ही उणीव भरून निघाली आणि २००४ च्या अहवालात सुपारी स्वतःच कर्करोगकारक म्हणून नोंदली गेली. प्राण्याने प्रश्न नेमका करून दिला. अंतिम उत्तर मानवी पुराव्यानेच दिले.

मर्यादा व नैतिकता :
हॅमस्टरची गालपिशवी म्हणजे माणसाचा गाल नव्हे. तिच्यात लसीकावाहिन्यांची रचना निराळी असते. उंदरातील दुधावाटे जाणाऱ्या विषाणूसारखे कारण मानवी स्तनकर्करोगात सिद्ध झालेले नाही. उपचारांच्या क्षेत्रातही, उंदरांच्या झपाट्याने वाढणाऱ्या रक्तकर्करोगावर गुणकारी ठरलेली औषधे माणसाच्या घन अर्बुदांवर तितकीच उपयुक्त ठरतील असे नसते. म्हणूनच १९६९ पासून प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या केसविरहित उंदरांत मानवी अर्बुदांचे रोपण करण्याचा मार्ग पुढे आला.

प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्नही टाळता येत नाही. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने प्रयोगांवरील देखरेखीसाठी समितीची तरतूद केली आणि १९९८ च्या नियमांनी ते नियंत्रण अधिक काटेकोर केले. ज्या प्रयोगातून प्रश्न नेमका होत नाही, त्यासाठी प्राण्याचा जीव घेणे विज्ञानाच्या कसोटीवरही समर्थनीय ठरत नाही.

समारोप :
समाजातील निरीक्षण, प्राण्यावरील प्रयोग आणि पुन्हा मानवी पुरावा, असा या परंपरेचा क्रम होता. यातील एक कडी गळाली तरी निष्कर्ष लंगडा पडतो. १९७६ च्या प्रयोगांपासून २००४ च्या अहवालापर्यंत जवळजवळ तीन दशके गेली. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत पानटपरीवर उभा राहणारा आपला विद्यार्थी आजही तंबाखू नसलेली सुपारी निर्धोक मानत असेल, तर प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान वर्गापर्यंत पोहोचवण्याची उरलेली कडी आपणा अध्यापकांकडे आहे.