अंकी आणि अक्षरी

पावतीवर दोन रकाने असतात. एकावर 'अंकी' असे छापलेले असते, दुसऱ्यावर 'अक्षरी'. एकच रक्कम दोनदा का लिहायची, हा प्रश्न मला विशीपर्यंत पडला नव्हता. तो पडला खापरला. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या एका जोडप्याने मुकादमाकडून साडेआठशेची उचल घेतली होती. वहीत ८५० मांडले, अंगठा घेतला आणि अक्षरी रकाना कोराच राहिला. हंगाम संपून हिशेबाला बसलो, तर तेथे ८५०० झाले होते. शून्याला स्वतःची किंमत नसते म्हणतात. पण ते शेवटी येऊन बसले की डावीकडच्या सर्वांची किंमत दसपट करून ठेवते. त्या एका शून्याने दोन माणसांचे पुढचे हंगाम गहाण पडले.

'आठशे पन्नास' असे अक्षरांत असते, तर 'शे'चे 'हजार' करावे लागले असते, आणि तेवढी खाडाखोड आंधळ्यालाही दिसली असती. अंकात स्थान मुके असते. अक्षरांत ते नाव घेऊन बोलते.

ही नावे कोठून आली, याचा शोध घेताना मी आपल्या खानदेशातच येऊन पोचलो. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला आणि १२०७ साली त्यास देणगी मिळाली, अशी त्यात नोंद आहे. या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथातील 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी केली, असेही ते सांगतात. एवढ्या रकमेचा व्यवहार कोण करीत होते, देव जाणे!

पंडितांची दुसरीही एक रीत होती. आकाश म्हणजे शून्य, पृथ्वी म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. एकक आधी, मग दशक, अशा क्रमाने शब्द मांडायचे. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक असाच सांगितला आहे: रस, गुण, पूर्ण, मही. सहा, तीन, शून्य, एक. उलट वाचा, शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. येथे 'हजार' किंवा 'शंभर' हा शब्दच नाही. शब्द कितव्या जागी बसला, त्यावरून त्याची किंमत. हा खटाटोप का? पोथी उतरवताना लेखनिकाचा एखादा आकडा चुकला तर कोणाच्या लक्षात येत नाही. श्लोकातला शब्द चुकला की बहुधा वृत्त अडखळते. म्हणजे पंडितांनीही आकड्याला शब्दांचेच कुलूप घातले होते. या कुलपातही खोट होतीच. 'सागर' कोणी चार मानी, कोणी सात.

सावकारी पेढ्यांनी तर कुलपावर कुलूप घातले. हुंडीत रक्कम लिहून तिचे निम्मे किती, हेही लिहीत. अक्षरी रकमेच्या शेवटी आपण 'फक्त' लिहितो, ते उजवीकडची वाट बंद करण्यासाठी. पुढे १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या १८ व्या कलमाने ठरवले की, चेक वा वचनचिठ्ठीवर अंक आणि अक्षरे यांत फरक पडला, तर अक्षरे खरी. मुकादमाच्या वहीला मात्र हे कलम लागू नाही.

आणि कुलपाची किल्ली वाचता येणाऱ्याच्याच हाती असते. आपल्या मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात, साठ मागाहून. लिहिताना सहा आधी. घरी भिलोरी बोलणाऱ्या पोराला असे शंभरेक शब्द सुटे सुटे पाठ करावे लागतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असे वाचन सुचवले, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगितली. थट्टा करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. नंतर अंगठे देणारी बोटे आठवली आणि हसू आवरले. अर्थात चेकवर त्रेसष्टच लिहिले जाणार, तेव्हा तेही शिकायलाच हवे.

आता उचलीच्या दिवसांत आम्ही खापरला टेबल मांडून बसतो. प्रथम अक्षरी रकाना भरायचा, 'फक्त' लिहून पुढे रेघ ओढायची, मोठ्याने वाचून दाखवायचे. अंगठा त्यानंतर.