चावडीवरचा सात आकडा

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. परंतु आपल्या चावडीच्या भिंतीवरील पाटीची हकीकत मंडळाच्या दप्तरी राहावी, म्हणून लिहिते.

ही पाटी आपण सर्वजणींनी पाहिली आहे. खरे म्हणजे पाहिलेली नाही. संगमरवरी, इंग्रजी अक्षरांची, वर चुन्याचे थर बसलेली. तिच्याखाली आपण खुशाल पापड वाळत घालीत होतो. पहिल्या महायुद्धानंतर, जेथून शिपाई भरती झाले अशा अनेक खेड्यांत सरकारने या पाट्या बसविल्या. गावातून किती गेले आणि किती कामास आले, एवढेच त्यांवर असते. आपल्या पाटीवर मृतांचा आकडा सात आहे. नाव एकही नाही.

२०१८ साली त्या युद्धाच्या समाप्तीस शंभर वर्षे झाली. गावच्या कॉलेजातील मुलामुलींनी स्मारक बांधायचे ठरविले व वर्गणीसाठी ती मंडळाकडे आली. बंदूकधारी शिपायाचा पुतळा, कारंजे, रंगीत दिवे असा थाटाचा बेत होता. आमच्यातील एका वृद्ध भगिनीने विचारले, "पुतळा कोणाचा रे बाळांनो? ते सातजण कोण?" मुले गप्प. आम्हीही गप्पच. मला या गावात सून म्हणून येऊन चाळीस वर्षे झाली होती!

पुतळा बाजूला राहिला आणि शोध सुरू झाला. जुन्या माणसांच्या तोंडी 'बसऱ्याला गेला' एवढेच असे. बसरा म्हणजे आजच्या इराकातील बंदर. जनरल टाऊनशेंडच्या फौजेत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी तिला कूत येथे वेढले. धान्य संपत आले. घोडे कापले गेले. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडाला लावले नाही व उपासाने ते खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण आली. पुढे वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत हजारो मेली. बसऱ्याला १९२९ साली मोठे स्मारक झाले, पण त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या! या भेदभावाबद्दल युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली माफी मागितली. म्हणजे तेथेही आकडा, येथेही आकडा.

नावे होती ती याद्यांत. त्या आता संगणकावर पाहता येतात. बापाचे नाव व गाव पुष्कळदा दिलेले असते, परंतु गोऱ्या कारकुनाच्या स्पेलिंगात आपले गाव ओळखायला मुलांना तीन रात्री लागल्या. पाच नावे मिळाली.

सहावे मिळाले बौद्धवाड्यात. तेथे कोणी विचारलेच नव्हते, हे लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहिते. महारांची १११ वी पलटण १९१७ साली उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली, हे त्या वस्तीतील लहान पोरालाही ठाऊक होते. एका आजींनी दुधाच्या भांड्यावरचे झाकण काढून मुलांपुढे धरले. ती कांशाची चकती होती. युद्धात पडलेल्यांच्या वारसांना सरकार ती देई. तिच्यावर मृताचे नाव असते, हुद्दा नसतो. मुलीने राखेने घासून नाव मोठ्याने वाचले. आजींना वाचता येत नव्हते. आपल्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचे नाव त्यांनी तेव्हा प्रथमच ऐकले.

पुढे नावांच्या क्रमावरून वाद झाला. प्रतिष्ठित घरांना आपले नाव वर हवे होते. मुलींनी वर्णमालेप्रमाणे क्रम लावला आणि हटून बसल्या. मंडळाने पापडांच्या विक्रीतून आलेले पैसे दिले. काळा दगड मुलांनीच ओढून आणला. पाथरवटाने अक्षरे कोरली, त्यांत रंग मात्र मुलांनी भरला, तो जरा पसरला आहे खरा.

दगडावर सात ओळी आखल्या आहेत व शेवटची कोरी आहे. अंदाजाने नाव घालावे असे काहींचे म्हणणे होते. मुलांनी ऐकले नाही. कोणा भगिनीच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा फडताळात अशी चकती, पदक अथवा जुना कागद असेल, तर मंडळात आणून दाखवावा. पाथरवटाशी बोलून ठेवले आहे.